पेनिसिलिनची टाकी आणि लोणच्याची बरणी

कैऱ्यांच्या दिवसांत लोणचे घालण्यापूर्वी चिनी मातीची बरणी घासायची, उन्हात कडकडीत वाळवायची, मग तिला हिंगाची धुरी द्यायची आणि त्यानंतरच फोडी भरायच्या, ही रीत आपल्याकडे पुष्कळ घरांत अजून पाळली जाते. ओला चमचा बरणीत घालणाऱ्या मुलाला रागावले जाते. विद्यार्थ्यांना यामागचे कारण विचारले, तर ‘जंतू मरतात’ असे उत्तर ठरलेले असते. पण यांपैकी नेमक्या कोणत्या क्रियेने जंतू मरतात? घासल्याने, उन्हाने, धुरीने की मिठाने? आणि ते सगळेच मरतात का? हे विचारले की वर्ग गप्प होतो. पाठ्यपुस्तकात किण्वनाचे समीकरण असते. पण ज्या भांड्यात किण्वन करायचे ते कसे तयार करावे, याबद्दल सहसा एक ओळही नसते. प्रत्यक्षात किण्वनावर चालणाऱ्या कारखान्यांचा बराच वेळ, वाफ आणि पाणी या एकाच कामावर खर्च होतात.

याचे उत्तम उदाहरण आपल्या जवळच, पिंपरीत आहे. आज पिंपरी-चिंचवड म्हटले की मोटारी, स्कूटर, यंत्रांचे सुटे भाग डोळ्यांपुढे येतात; पुढे चाकणपर्यंत तेच चित्र दिसते. परंतु या पट्ट्यात मोठ्या उद्योगाची सुरुवात झाली ती एका बुरशीने. १९५४ मध्ये केंद्र सरकारने पिंपरीला ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ ही कंपनी स्थापन केली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत तिला मिळाली होती, आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्यापूर्वी हे औषध परदेशातून आणावे लागे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे माजी संचालक साहिबसिंग सोखी यांनी असा कारखाना आपल्या देशात, सरकारी मालकीचा असावा असा आग्रह धरला होता. पुढे १९६२ मध्ये तेथे स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागले. इथल्याच प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याचे शास्त्रीय नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकात आपल्या गावाचे नाव असे कोरले गेले आहे, हे पिंपरीतल्या विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

पेनिसिलिन बनवणे आणि द्राक्षरसाची वाइन बनवणे यांत वरवर पाहता मोठे साम्य आहे. दोन्हींत साखर असलेला द्रव घ्यायचा, त्यात हवा तो सूक्ष्मजीव सोडायचा आणि वाट पाहायची. परंतु स्वच्छतेच्या बाबतीत दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो का, हे समजले की बरणीचे कोडेही सुटते.

स्वच्छ, सुरक्षित आणि निर्जंतुक

बोलताना आपण हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. शास्त्रात त्यांच्या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. भांड्यावरचा दिसणारा व न दिसणारा मळ काढणे ही पहिली. उरलेल्या जंतूंची संख्या निरुपद्रवी पातळीवर आणणे ही दुसरी. आणि एकही जिवंत पेशी किंवा बीजाणू न उरू देणे ही तिसरी. मद्यनिर्मितीत साधारणपणे दुसऱ्या पायरीवर भागते. पेनिसिलिनला तिसरीच लागते.

वाइनच्या पिंपात यीस्टला बाजूचे वातावरण मदत करत असते. रस आंबट असतो, हवा जवळजवळ नसते, आणि यीस्ट स्वतःच अल्कोहोल तयार करून इतरांचे जगणे कठीण करते. शिवाय यीस्ट सुरुवातीलाच भरपूर प्रमाणात घातलेले असते. आपण दुधाला विरजण लावतो तेव्हा हेच करतो: कोमट दुधात चमचाभर दह्यातून कोट्यवधी जिवाणू घालतो. बाहेरून आलेल्या चार-दोन पाहुण्यांना मग बसायला जागाच उरत नाही.

पेनिसिलिनची बुरशी मात्र बिचारी सावकाश वाढणारी. पाच-सहा दिवस ती उबदार, गोड, पौष्टिक द्रवात असते, आणि त्या द्रवात सतत हवा खेळवावी लागते. म्हणजे जिवाणूंना मेजवानीच. एक जिवाणू दर अर्ध्या तासाने दुप्पट होतो असे धरले, तर २४ तासांत ४८ वेळा दुप्पट होऊन त्याची संख्या सुमारे २८० लाख कोटी होईल. (अन्न संपत असल्याने इतकी वाढ प्रत्यक्षात होत नाही, पण फळ्यावर हे गणित अवश्य करून घ्यावे.) कोणी म्हणेल, पेनिसिलिन स्वतःच जिवाणूंना मारते, मग भीती कसली? गोची अशी की काही जिवाणू पेनिसिलिनचा रेणू तोडणारे विकर तयार करतात. एडवर्ड अब्राहम व अर्न्स्ट चेन यांनी १९४० मध्येच, म्हणजे औषध रुग्णांच्या हाती पडण्यापूर्वी, असे विकर दाखवून दिले होते. असा एखादा जिवाणू टाकीत शिरला, तर पाच दिवसांत जमलेले औषध तो काही तासांत फस्त करू शकतो. रुग्णालयाकडे जाणाऱ्या हजारो कुप्या त्या टाकीत असतात, आणि मग तो सगळा द्रव ओतून द्यावा लागतो.

म्हणूनच अशा टाकीची रचना पाहण्यासारखी असते. आत जाणारी प्रत्येक नळी आधी वाफेने तापवतात. दोन झडपांच्या मधल्या जागेत वाफ कोंडून ठेवतात, म्हणजे झडप थोडी गळली तरी आत वाफच जाईल, जंतू जाणार नाहीत. नळ्यांना उतार देतात, कारण साचलेला थेंब म्हणजे वसाहतच. आता हवेचे पाहा. समजा टाकीत ५०,००० लिटर द्रव आहे आणि मिनिटाला तेवढीच हवा सोडायची आहे. पाच दिवसांत साडेतीन लाख घनमीटरांहून अधिक हवा लागेल, आणि ती सगळी गाळून निर्जंतुक केलेली हवी.

किती वेळ उकळायचे?

‘पाणी उकळले म्हणजे जंतू मेले’ हे विधान अर्धेच खरे. पुणे-चाकण परिसर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-साडेसहाशे मीटर उंच असल्याने येथे पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते. वाढते जिवाणू आणि यीस्ट यांना मारायला ते पुरते. काही जिवाणूंचे बीजाणू मात्र उकळत्या पाण्यात तासन्‌तास टिकतात. त्यांच्यासाठी दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते. आपला प्रेशर कुकर हेच काम करतो. फक्त आतली हवा पूर्ण बाहेर जाऊन वाफेची जोरदार धार सुटल्यावरच शिटी बसवावी. कोंडलेल्या हवेमुळे दाब दिसतो तेवढे तापमान मिळत नाही.

जंतू एका क्षणी सगळे मरत नाहीत, तर ठरावीक वेळात ठरावीक हिश्श्याने मरतात. काही चिवट बीजाणूंची संख्या १२१ अंशांवर दर दीड मिनिटाला दहाव्या हिश्श्यावर येते. समजा एक लिटरच्या चंबूत दर मिलिलिटरला एक लाख, म्हणजे एकूण १० कोटी बीजाणू आहेत. एक हजार चंबूंपैकी फार तर एखादाच बिघडावा अशी खात्री हवी असेल, तर संख्या अकरा वेळा दहाव्या हिश्श्यावर आणावी लागेल: साडेसोळा मिनिटे. आता तोच द्रव ५०,००० लिटरच्या टाकीत घ्या. बीजाणू ५०,००० पट, पण वेळ मात्र फक्त सात मिनिटांनी वाढतो. लॉगरिदमचा धडा कंटाळवाणा वाटणाऱ्या दहावी-बारावीच्या मुलांना हे उदाहरण देऊन पाहावे. यातून आणखी एक गोष्ट उघड होते. वेळ कितीही वाढवला तरी उरलेली संख्या काटेकोर शून्य कधीच होत नाही. शक्यता तेवढी कमी होत जाते. आणि सुरुवातीचे बीजाणू कमी असतील तर वेळही कमी लागतो. म्हणून घासणे आधी, तापवणे नंतर.

घासण्यामागचे रसायन

घासणे हा दुय्यम दर्जाचा विषय मानण्याची आपली सवय, खरे सांगायचे तर, भांडी कोण घासते यावरून पडली आहे. जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये सफाईचे चार घटक मांडले: रसायन, तापमान, वेळ आणि घर्षण. एक कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो. राखेने आणि काथ्याने भांडी घासणाऱ्या आपल्या आजीला हे ठाऊकच होते. गरम पाणी नसेल तर ती भांडे भिजत घालून वेळ वाढवी. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, म्हणजे अल्कली; तिने तेलकटपणा सुटतो. तांब्या-पितळेला ती चिंच लावी. चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा थर विरघळवते. हेच आम्ल द्राक्षांतही असते, आणि वाइनच्या पिंपांच्या भिंतींवर त्याच्याच क्षारांचे स्फटिक जमतात. गंमत म्हणजे ते काढायला मात्र अल्कली लागते.

कारखान्यात टाकी खोलून घासणे शक्य नसते. तेव्हा आतल्या फवाऱ्यातून आधी पाणी, मग ७०-८० अंशांचे एक-दोन टक्के कॉस्टिक सोड्याचे द्रावण, पुन्हा पाणी, मग क्षारांचे थर काढायला सौम्य आम्ल, पुन्हा पाणी, आणि वापरापूर्वी जंतुनाशक, असा क्रम चालतो. अल्कली प्रथिने व स्निग्ध पदार्थ सोडवते. आम्ल खनिजे सोडवते. चाकणकडच्या विहिरी-बोअरवेलचे पाणी काळ्या खडकातून येत असल्याने अनेक ठिकाणी जड असते. असे पाणी कॉस्टिकसाठी वापरले तर त्यातील कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात टाकीवरच बसते, आणि धुण्यानेच खर तयार होते. शाळेतल्या किटलीच्या तळाशी जमलेला पांढरा थर लिंबाच्या रसाने फसफसतो, तो हाच.

ॲल्युमिनियमच्या भांड्याला मात्र कॉस्टिक किंवा धुण्याचा सोडा लावू नये. अल्कलीत ॲल्युमिनियम विरघळते व हायड्रोजन सुटतो. पोषण आहाराची मोठी पातेली काळी पडून खड्डे पडण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

भांड्याचा पृष्ठभागही महत्त्वाचा. जिवाणू साधारण एक मायक्रोमीटरचा, यीस्टची पेशी पाच ते दहा मायक्रोमीटरची. अन्नप्रक्रियेच्या उपकरणांचा आतला खडबडीतपणा सरासरी ०.८ मायक्रोमीटरपेक्षा जास्त नसावा, असे मानक जगभर वापरले जाते. खाच जंतूपेक्षा मोठी असली तर तो तिच्यात लपून बसतो. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये स्टेनलेस स्टीलची टाकी बनवताना आर्गन वेल्डिंगचा जोड आतून घासून, बफिंग करून गुळगुळीत करतात. तो कारागीर नकळत सूक्ष्मजीवशास्त्रच राबवत असतो. प्लॅस्टिकची बादली तारेच्या घासणीने घासली, तर आपण जंतूंसाठी घरे खोदून देतो. अशा खाचांत जंतू एकमेकांना चिकटून बुळबुळीत पापुद्रा तयार करतात. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला हात लावल्यावर लागते ती बुळबुळ हीच. तिच्याखालच्या जंतूंपर्यंत औषध नीट पोचतच नाही.

हे वर्गात सहज दाखवता येते. दोन पेल्यांत पोटॅशियम परमँगनेटचे फिकट गुलाबी पाणी घ्या. एकात चमचाभर स्वच्छ पाणी, दुसऱ्यात चमचाभर दूध घाला. दुसऱ्याचा गुलाबी रंग जाऊन पाणी तपकिरी पडू लागते. ऑक्सिडीकारक द्रव्य मळावरच खर्च झाले. जंतूंसाठी काही उरले नाही. क्लोरिनचेही तसेच होते.

कोणते जंतुनाशक?

ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर सर्वांच्या ओळखीची आहे. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरिन असतो. पिण्याच्या १,००० लिटर पाण्याला अडीच ग्रॅम पावडर घालतात, म्हणजे लिटरला सुमारे ०.८ मिलिग्रॅम क्लोरिन. घासलेली भांडी निर्जंतुक करायला लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरिन लागतो, म्हणजे लिटरला ०.६ ग्रॅम पावडर. डबा उघडा राहिला की क्लोरिन उडून जातो, तेव्हा जुन्या पावडरीला हे गणित लागू पडत नाही. तिच्यात आम्ल कधीही मिसळू नये. विषारी क्लोरिन वायू सुटतो. स्टीलची टाकी क्लोरिनच्या पाण्याने भरून ठेवली, तर स्टीलवरचा संरक्षक क्रोमियम ऑक्साइडचा थर जागोजागी फुटून टाचणीएवढी भोके पडतात. वाइन बनवणारे तर क्लोरिनपासून दूरच राहतात. लाकूड व बुचातील फिनॉलशी क्लोरिनचा संयोग झाला आणि त्यावर बुरशीने काम केले, की ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचे द्रव्य बनते. त्याच्या अगदी नगण्य अंशानेही वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो.

त्यांचे आवडते द्रव्य म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, घरी सरबते करणाऱ्यांच्या भाषेत ‘केएमएस’. आम्लात त्यातून सल्फर डायऑक्साइड मिळतो. त्याचा जंतुनाशक अंश सामू ३ ला सुमारे ६ टक्के, तर सामू ४ ला जेमतेम ०.६ टक्का असतो. म्हणून लिंबाच्या सरबतात ते काम करते, गोड्या रसात जवळजवळ नाही. दम्याच्या रुग्णांना मात्र त्याचा त्रास होऊ शकतो. युरोपात पिंपात गंधकाची वात जाळण्याची जुनी चाल आहे, तीही याच वायूसाठी. आपल्या हिंगातही गंधकाची संयुगे असतात, परंतु धुरीला त्या वातीइतके श्रेय द्यायला आम्ही तयार नाही. बरणी टिकवतात ते कोरडेपणा, मीठ, आंबटपणा आणि वरचा तेलाचा थर. धुरीने वास छान येतो, हे खरे.

अल्कोहोलबद्दल २०२० च्या साथीत सर्वांनी ऐकले. राज्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांनी तेव्हा सॅनिटायझर बनवले. ते ७० टक्क्यांच्या आसपासच का, १०० टक्के का नाही? प्रथिनांची घडी मोडायला पाणी लागते, आणि शुद्ध अल्कोहोल चटकन उडूनही जाते. बीजाणूंवर मात्र त्याचा परिणाम होत नाही.

धुताना चेपलेली टाकी

किण्वन झाल्यावर टाकीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. अशा बंद टाकीत कॉस्टिकचा फवारा सुरू केला तर काय होईल? सोडियम हायड्रॉक्साइड वायूला शोषून सोडियम कार्बोनेट बनवते. एक घनमीटर वायू शोषायला सव्वातीन किलो कॉस्टिक पुरतो. आतला दाब झपाट्याने घटतो आणि बाहेरची हवा टाकीला दाबू लागते. दाब फक्त एक-दशांशाने कमी झाला, तरी दर चौरस मीटरला एक टन भार पडतो. आतून दाब सोसण्यासाठी बनवलेली टाकी कागदाच्या पेल्यासारखी चेपते. शिवाय कॉस्टिक वाया जातो तो वेगळाच. म्हणून आधी वायू बाहेर काढतात व टाकीला हवा आत घेणारी झडप ठेवतात. गरम डबा थंड पाण्यात बुडवून चेपण्याचा प्रयोग आपण वातावरणाच्या दाबासाठी करतो. त्याला हे रासायनिक भावंड जोडता येईल.

हाच वायू माणसाचाही जीव घेतो. हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो तळाशी साठतो, आणि धुण्यासाठी आत उतरलेला कामगार बेशुद्ध होतो. विहिरीत उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहतात. पण दिवा जळत राहिला म्हणजे धोका टळला असे नाही. हवेत १० टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी ऑक्सिजन १९ टक्क्यांच्या आसपास असतो. ज्योत टिकू शकते, माणूस शुद्ध हरपतो. १९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम ३६ अशा बंद जागी उतरण्यावर बंधने घालते, ती याचसाठी. बुडणाऱ्याला वाचवायला दुसरा, मग तिसरा उतरतो आणि सगळेच जातात, अशा बातम्या आपण वाचतोच.

शाळेत काय करता येईल

परवान्याशिवाय मद्य बनवणे महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, आणि घरगुती वाइनही त्यात येते. पुण्यात २००९ मध्ये ‘डुलाली’ने बिअर बनवायला सुरुवात केली ती परवाना घेऊनच. शाळेला त्या वाटेने जायचे कारणही नाही. डाळीचे गाळलेले पाणी पुरते.

एकाच मापाच्या, काचेच्या चार बाटल्या घ्या. पहिलीत आदल्या दिवशीचे डाळीचे पाणी ओतून ती नुसती विसळा. दुसरी साबणाने व ब्रशने घासा. तिसरी घासून, दहा मिनिटे पाण्यात उकळा. चौथी घासून, तोंडाला कापसाचा बोळा लावून ठेवा. कुकरमध्ये उकळून गार केलेले डाळीचे पाणी पहिल्या तिघींत ओता आणि त्यांनाही बोळे लावा. चौथीत मात्र ताजे डाळीचे पाणी भरून, बाटलीसह २० मिनिटे कुकरमध्ये वाफवा. चौघी एकाच जागी ठेवून रोज दोनदा पाहा: पाणी कोणत्या बाटलीत, किती तासांनी गढूळ झाले? क्रम आपल्या अंदाजापेक्षा वेगळा आला तर तो अधिक मोलाचा. कदाचित ओतताना हवेतून जंतू पडले असतील, कदाचित बाटलीच्या मानेवरचा आटा घासायचा राहिला असेल. त्या आट्यातच बहुधा घाण असते.

लिलमध्ये १८५६ साली पाश्चरकडे बिटाच्या रसापासून अल्कोहोल बनवणारा एक कारखानदार असाच तक्रार घेऊन आला होता. पिंपे आंबत होती. चांगल्या पिंपातल्या थेंबात त्याला गोल यीस्ट दिसले, बिघडलेल्यात बारीक काड्या. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर गढूळ पाण्याचा थेंब पाहावा, पण बाटलीचा वास घेऊ नये व चव तर नाहीच. प्रयोग संपल्यावर सगळ्या बाटल्या पुन्हा २० मिनिटे कुकरमध्ये वाफवून मगच ओताव्यात. यीस्टचे खात्रीचे वाण हवे असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. महाविद्यालयांना तो उपयोगी पडतो.

पिंपरीच्या कारखान्याचे पुढे काय झाले, असे मुले विचारतीलच. १९९० च्या दशकात स्वस्त आयात वाढली, कारखाना आर्थिक अडचणीत सापडला, आणि काळाच्या ओघात देशातले पेनिसिलिनचे किण्वनच थांबले. कंपनी आज तयार औषधे बनवते. पेनिसिलिनसाठी आपण चीनवर अवलंबून राहिलो. २०२० मध्ये सरकारने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना जाहीर केली, आणि २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकिनाड्याजवळ पेनिसिलिनचा नवा मोठा कारखाना सुरू झाला. तेथेही टाकी आधी निर्जंतुक करावीच लागते.